खडूच्या दोन रेघांसाठी आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मुलीकडे बंगळुरूला गेलात, त्याला आता चार महिने होतील. निघताना हार-नारळ नको, भाषणं नकोत, असं बजावून गेलात आणि आम्ही ते मुकाट्याने पाळलं. पण उतारावरच्या झेब्रा पट्ट्यांवरून पोरं शाळेत जाताना रोज दिसतात, आणि रोज वाटतं की तुमचे आभार मानायचे राहिलेच. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. कारण आभारांबरोबर मला एक कबुलीही द्यायची आहे.

पुण्यात कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम सुरू झालं आणि कोथरूडमधला आपला आतला रस्ता पळवाट झाला. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे मेट्रो धावू लागली, पण गाडीवाल्यांना लागलेली सवय काही सुटली नाही. सिग्नल चुकवायचा तर आपल्या गल्लीतून, शाळेला उशीर झाला तर आपल्या गल्लीतून. मग एका संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना दुचाकीने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. त्या रात्री आपल्याकडच्या मुलांनी खडी-सिमेंट आणून रस्त्यावर स्पीडब्रेकर घातला. काका, त्या खडीसाठी पाचशे रुपये मी दिले होते. तुम्हाला हे कधीच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात पेपर टाकणारा मुलगा त्यावरून पडला. तुम्ही त्याला घरी नेलंत, हात धुऊन मलम लावलंत, चहा पाजलात. दुपारी टेप घेऊन खाली आलात. मला वाटलं, आता आमची खरडपट्टी निघणार. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. नुसतं मोजलंत: दीड फूट रुंद, जवळजवळ सात इंच उंच. मग सांगितलंत की देशातल्या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद हवा, मधोमध उंची फक्त १० सेंटिमीटर, आणि वरची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ किलोमीटरने येणारा त्यावरून अलगद जातो, जोरात येणाऱ्यालाच दणका बसतो. अरुंद उंचवट्याचं उलटं असतं. हळू जाणाऱ्या रिक्षातल्या बाईची कंबर मोडते, आणि सुसाट आलेली मोठी गाडी मात्र स्प्रिंगच्या जोरावर उडून जाते. आम्ही शिक्षा केली होती ती नेमकी चुकीच्या माणसांना. शिवाय पट्टे नाहीत, ४० मीटर आधी पाटी नाही, वर दिवा नाही. त्या मुलाला ते ढिगाऱ्यासारखं काहीतरी दिसणार कसं? संध्याकाळी आपण सगळ्यांनी मिळून ते फोडलं.

त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही खडूने रस्त्यावर दोन रेघा मारल्यात, पन्नास मीटरच्या अंतराने. मुलांच्या हातात स्टॉपवॉच दिलंत. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३०, साडेतीनच्या आसपास लागले तर ५०. सहाच्या आत आला की वहीत फुली. तिसरीतल्या पोरांनाही ते गणित तोंडपाठ झालं. कुणीतरी तरुणाने विचारलं की ३० म्हणजे फारच कमी नाही का. तुम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्यात. एक, वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. दुसरी, २०२० मध्ये स्टॉकहोमला जगभरच्या मंत्र्यांच्या परिषदेत जो जाहीरनामा निघाला, त्यातही पायी चालणारे, सायकली आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे ३० चीच मर्यादा धरली आहे. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: २०२२, देशात रस्त्यांवर मृत्यू १,६८,४९१, त्यांतले पादचारी ३२,८२५. ते पान मी अजून फाटू दिलेलं नाही.

वहीने आम्हाला जे दाखवलं ते सोपं नव्हतं. मला खात्री होती की पळवतात ते बाहेरचे. सकाळी सात ते साडेसातच्या फुल्या पाहिल्या तर त्यांत आपल्याच सोसायट्यांच्या गाड्या होत्या, मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या. आणि सगळ्यात जास्त फुल्या आम्ही स्पीडब्रेकर मागत होतो तिथे नव्हत्याच. त्या होत्या वाण्याच्या दुकानाच्या वळणाला, कारण तिथला कोपरा इतका ऐसपैस आहे की वेग कमी न करता वळता येतं.

पण काका, माझे खरे आभार आहेत ते पुढच्या दोन रविवारांसाठी.

पाच स्पीडब्रेकर मागणारा अर्ज मी आधीच लिहून ठेवला होता. सह्याही गोळा केल्या होत्या. ज्यांनी सही दिली नाही त्यांचा मला राग होता, हे लोक आडवे येतात असं मी उघडपणे बोलतही होते. तुम्ही अर्ज वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, ज्यांची सही नाही त्यांच्याशी आधी बोलू. वाण्याच्या दुकानासमोर दोन खुर्च्या टाकून तुम्ही बसलात. प्रत्येकाला तीनच प्रश्न: भीती कुठे वाटते, किती वाजता वाटते, आणि काय केलं तर तुमची अडचण होईल? तिसरा प्रश्न विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं.

मग माणसं बोलली. तळमजल्यावरचे एकजण म्हणाले की आधीच्या घरासमोर स्पीडब्रेकर होता, रात्रभर रिकाम्या टेम्पोंचा खडखडाट, म्हणून ते घर सोडून ते इथे आले. एका ताईंच्या आईला डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा गाडीने न्यावं लागतं, परतताना तिला एकही धक्का सोसत नाही. दुकानदारांना पार्किंग जाईल याची धास्ती. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी सांगितलं की मुलं दोन गाड्यांच्या मधून एकदम रस्त्यावर येतात, ब्रेक कितीही चांगले असले तरी छातीत धडकी भरते. मी तिथे बाजूला उभी राहून लिहून घेत होते. डायलिसिसवाल्या ताईंचं ऐकताना माझं पेन थांबलं. त्यांच्याविषयी मी काय काय बोलले होते ते आठवलं. त्यांची माफी मी मागितली आहे, तुम्हाला ते कळावं म्हणून लिहिते.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. अर्ज नव्याने लिहिला, सोबत नकाशा आणि वहीच्या पानांच्या प्रती. महापालिकेच्या कार्यालयातून तो दोनदा परत आला, वाहतूक पोलिसांचं ना हरकत मिळेपर्यंत पावसाळा उलटला. तुम्ही प्रत्येक वेळी इस्त्रीचा शर्ट घालून गेलात आणि एकदाही चिडून परत आला नाहीत. पाच स्पीडब्रेकरांऐवजी दोनच झाले, मापाचे, कुणाच्याही बेडरूमच्या खिडकीखाली न येणारे. शाळेच्या फाटकासमोरचं क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचललं. वाण्याचा ऐसपैस कोपरा अरुंद केला, आता गाडीला तिथे वळताना हळू व्हावंच लागतं. पार्किंग अर्ध्या रस्त्यापर्यंत डावीकडे आणि पुढे उजवीकडे केलं, त्यामुळे सरळसोट रस्ता नागमोडी झाला आणि दुकानदारांची एकही जागा गेली नाही. डायलिसिसला जाणारी गाडी ज्या बाजूने बाहेर पडते तिथे एकही उंचवटा नाही. हा रस्ता बाहेरच्या कुणाला साधा वाटेल. मला त्याच्या प्रत्येक वळणात त्या खुर्चीसमोर बोललेलं एकेक माणूस दिसतं.

सगळं जमलंय असं नाही. पाणी वाहून जावं म्हणून स्पीडब्रेकरच्या कडेला जी फट सोडली आहे, तिच्यातून दुचाक्या सुळकन निघून जातात. रात्री अकरानंतर अजून फुल्या पडतात. पांढरे पट्टे एका पावसाळ्यात निम्मे पुसले गेले, पुन्हा रंगवून घ्यायचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला. या वेळी मसुदा मी लिहिला आणि सह्या घ्यायला आधी नकार देणाऱ्यांकडे गेले.

आजी वॉकर घेऊन संध्याकाळी पाचला देवळात जातात. शाळेसमोरच्या क्रॉसिंगवर त्यांना वेळ लागतो, गाड्या थांबतात. परवा एका रिक्षावाल्याने मागून हॉर्न देणाऱ्याला हाताने थांब म्हणून खूण केली.

खडूच्या रेघा पावसात गेल्या, म्हणून मुलांनी त्याच जागी कंपाउंडच्या भिंतींवर ऑइल पेंटने दोन खुणा करून ठेवल्या आहेत. तुम्ही दिवाळीत येणार आहात ना? नवी वही आणली आहे. तिसऱ्या मजल्यावरची धाकटी आता दुसरीत गेली. स्टॉपवॉच या वेळी तिच्याकडे द्यायचं ठरलंय.

काकूंना नमस्कार.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली, अर्ज लिहिणारी