उसाच्या पावतीवर तोडणारीचे नाव हवे : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. सामाजिक न्याय व विशेष साहाय्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,

महोदय,
सादर नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीचे संगणकाचे काम करते. दाखले काढणे, उतारे देणे, लोकांचे अर्ज भरणे यात माझा दिवस जातो. ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांसाठी आमच्या गावातून जी माहिती गेली, ती मीच भरली. माझे आईवडील 27 हंगाम ऊस तोडायला गेले आणि त्यांतले चार हंगाम मीही फडात काढले आहेत, तेव्हा पुढे लिहिते ते ऐकीव नाही. मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या प्रत्येक खेपेची जी पावती निघते, तिच्यावर तो ऊस ज्यांनी तोडला त्या बाईचे आणि पुरुषाचे नाव असावे.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत अशा पावत्यांचा एक गठ्ठा आहे. बऱ्याचशांवरची शाई उडाली आहे, पण ज्या वाचता येतात त्यांवर तारीख आहे, वाहनाचा क्रमांक आहे, शेतकऱ्याचे नाव आणि गट नंबर आहे, भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्या वाहनाचे वजन आणि निव्वळ वजन आहे, तोडणी-वाहतूक ठेकेदाराचा कोड आहे. उसाची जातसुद्धा आहे, को-86032. एवढ्या बारकाईने लिहिलेल्या त्या कागदावर तो ऊस बुडातून कोणी तोडला, पाचट कोणी सोलले, मोळ्या कोणी बांधल्या आणि रात्री डोक्यावरून ट्रकमध्ये कोणी चढवल्या, हे कुठेही नाही. वडील त्या पावत्या का जपून ठेवत होते, हे मला पुष्कळ वर्षे कळत नव्हते. त्यांच्या कामाचा तेवढाच लेखी पुरावा होता, आणि त्यातही ते स्वतः नव्हते.

आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, हे आपणांस माहीत असेलच. मुकादम टोळी जमवताना किती माणसे आहेत असे विचारत नाही, किती कोयते आहेत असे विचारतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो आणि पैसे पुरुषाच्या हातात पडतात. अंगठा वडिलांनी दिला होता, आईचा अंगठा कोणी मागितला नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला सुमारे 366 रुपये असा दर ठरला. वाढ झाली हे चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका कोयत्याने लाखभर रुपये उचल घेतली असेल, तर त्या दराने ती फेडायला त्याला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तर 137 दिवस, आणि तेही एकही खाडा न करता. गाळप हंगामच मुळात चार-पाच महिन्यांचा असतो. त्यात पाऊस आला, चाक रुतले, कारखान्याच्या आवारात नंबर लागायला उशीर झाला, तर जोडी घरी परत येते ती पुढच्या वर्षीच्या उचलीचे आकडे डोक्यात घेऊनच.

या धबडग्यात माझी आई कशी टिकली, असे मला कोणी विचारले तर मी तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बोट दाखवीन. पहाटे तीनला उठायचे, तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापायच्या, धाकट्याला पाठीला बांधून चारच्या आत फडात पोचायचे. दवाने भिजलेल्या पाचटाने हात कापतात, तरी कोयता कपाळाला लावल्याशिवाय तिने कधी पहिला ऊस तोडला नाही. कोपीच्या, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीच्या, बांबूला तिने विठ्ठल-रुखमाईची एक तसबीर सुतळीने बांधलेली असे. ट्रक-टेम्पोत सामान चढवताना तिच्याबरोबर सगळ्यांत आधी ती तसबीर चढायची, मग पिठाचा डबा. आषाढीला आम्ही गावी असतो, त्यामुळे ती वारी तिला कधीमधी घडली. कार्तिकी मात्र नेहमी उसात. मला आठवते, एका कार्तिकी एकादशीला तिने वाटीभर भगर खाऊन दिवसभर तोडणी केली आणि रात्री ट्रक आला तेव्हा डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून चढत-उतरत राहिली. मी खाली बॅटरी धरून उभी होते. दर फेरीला ती ओठातल्या ओठात नाव घेत होती आणि तेवढ्यावरच तिचा श्वास धरला जात होता. तिच्या श्रद्धेचे कौतुक करून मोकळे होणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, मला तसे होता येत नाही. आयुष्यभर ज्या बाईने नामावर भरवसा ठेवला, तिचे स्वतःचे नाव मात्र कारखान्याच्या एकाही कागदावर सापडत नाही.

इथे जरा विषयाबाहेरचे वाटेल असे एक सांगते. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटवतात, काट्याची पूजा होते आणि संचालक मंडळी फेटे बांधून गव्हाणीत, म्हणजे जिथून ऊस गाळपाला जातो तिथे, उसाची पहिली मोळी टाकतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि खाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे असतात. एका वर्षी तशी मोळी आमच्या टोळीने बांधून दिली होती. चांगली, सरळ, एकसारख्या उसांची बांधा असा निरोप होता, म्हणून आईने ती दोनदा सोडून बांधली. छायाचित्रात मोळी छान दिसत होती.

खाडा म्हणजे काय, हेही आपणांसमोर असावे. एक दिवस काम बुडाले तर त्याचा दंड कोयत्याच्या खात्यावर चढतो. ताप असो, पाळी असो, बाळंतपण असो, खाडा तो खाडाच. आमच्या भागातल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली राज्यभर गाजला. सरकारने समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. माझी आई त्यांतली एक. शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती 34 वर्षांची होती. पोटात दुखते म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली, तिथे पिशवी खराब आहे, पुढे गाठ होईल असे सांगितले गेले, आणि दोन-तीन हजारांच्या गोळ्या घेत बसण्यापेक्षा एकदाचे काढून टाकू, म्हणजे खाडे तरी होणार नाहीत, असा हिशेब घरात झाला. त्या हिशेबात मीही होते, म्हणून दुसऱ्या कोणाला बोल लावत नाही. पण आई कामगार म्हणून कुठे नोंदलेली असती, तर आजारपणाची रजा, विमा आणि सरकारी दवाखान्यातली तपासणी हे शब्द निदान त्या रात्री घरात कोणीतरी उच्चारले असते.

सगळी गाठ एकाच प्रश्नाशी येऊन बसते, ती म्हणजे आम्ही कामगार नेमके कोणाचे? आमच्या टोळीतले एक काका ट्रॉलीवरून पडले आणि कमरेतून गेले. कारखान्याच्या शेतकी विभागात विचारले तर आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी आहे, असे उत्तर आले. ठेकेदार म्हणाला, माणसे मुकादमाची. मुकादम म्हणाला, मी उचल दिली आहे, उलट माझेच पैसे अडकले. शेतकऱ्याचा तर संबंधच नव्हता, त्याचा ऊस वेळेवर गेला एवढेच त्याला हवे होते. यातले कोणी खोटे बोलत होते असे मला वाटत नाही, कागदावर प्रत्येकाचे बरोबरच होते. काका अजून बाजेवर आहेत आणि उचलीचा उरलेला आकडा त्यांच्या मुलाने दोन हंगाम तोडून फेडला.

महोदय, ही गाठ सुटण्यासारखी नाही असे म्हणायला महाराष्ट्राला जागा नाही. बाजार समितीतला हमाल आज या व्यापाऱ्याची पोती उचलतो, उद्या त्या व्यापाऱ्याची. त्याचा मालक कोण, हा प्रश्नही असाच अवघड होता. त्यावर याच राज्याने 1969 साली माथाडी कायदा केला. कामगाराची नोंद माथाडी मंडळाकडे झाली, मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक वाढीव रक्कम, मंडळात भरायची असे ठरले, आणि पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी व उपदान मिळू लागले. ते घडवून आणायला त्या माणसांना आणि त्यांच्या पुढाऱ्यांना किती वर्षे झगडावे लागले, हे मी पुस्तकातून वाचले आहे. आमची गोष्ट तर त्याहून सोपी असायला हवी, कारण उसाची प्रत्येक खेप काट्यावर चढतेच. तिचे वजन किलोपर्यंत नोंदले जाते, पावती छापलीच जाते, आणि फडात चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, रोज हजर असतो. नोंद ठेवण्याची सगळी यंत्रणा उभी आहे, तिच्यात आमच्यासाठी रकाना तेवढा नाही.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, त्यासाठी कारखान्यांकडून टनाला 10 रुपये आणि तेवढेच सरकारकडून घ्यायचे ठरले. संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना आली. जमीन विका पण पोरं शिकवा, असा बाबांचा उपदेश आमच्याकडे घरोघरी सांगतात, तेव्हा वसतिगृहाला त्यांचे नाव शोभतेही. मी स्वतः आजीजवळ राहून शिकले, वसतिगृह असते तर धाकटा भाऊही शिकला असता. ओळखपत्रेही निघाली. पण ती ग्रामसेवकाने गावात राहून द्यायची, आणि माणसे दसरा होताच गाव सोडून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्याकडे किंवा थेट कर्नाटकात गेलेली. एका वर्षी आमच्या गावात पडताळणीचे पथक डिसेंबरात आले. गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे होती. पथकाने दारोदार जाऊन पंचनाम्यासारखे लिहून घेतले, आणि जी घरे बंद होती त्यांच्यापुढे ‘गैरहजर’ असा शेरा मारला. तो शेरा मीच संगणकात भरला. त्यांतले एक घर माझे होते. शिवाय ज्यांना ओळखपत्र मिळाले त्यांनी कुठल्या कारखान्याला किती टन ऊस तोडला, हे त्या ओळखपत्रावरून कोणालाच सांगता येत नाही, म्हणून उद्या अपघात झाला तर वर सांगितलेले चौघे पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवतील.

आईला मी हे सगळे वाचून दाखवले तेव्हा तिने मला सावता महाराजांची गोष्ट सांगितली. ती मला माहीत होती, पण तिने ती निराळ्या कारणाने सांगितली. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, सावता महाराज मात्र मळ्यातले काम सोडून गेले नाहीत. म्हणून आजही आषाढीनंतर पांडुरंगाचीच पालखी पंढरपुरातून निघून माढा तालुक्यातल्या अरणला त्यांच्या भेटीला जाते. आई म्हणाली, “देव चालत जातो, मग सायेबानं फडावर यायला काय हरकत आहे?” तिचा मुद्दा मला नोंदीपुरता अगदी व्यवहारी वाटतो. आम्ही जिथे पाच महिने रोज सापडतो, तिथे नोंद करावी. कारखान्याच्या गेटवर, गाळपाच्या पहिल्या पंधरवड्यात, बाईची वेगळी आणि पुरुषाची वेगळी नोंद व्हावी, आणि त्या नोंदीचा क्रमांक पुढे प्रत्येक पावतीवर यावा. निम्मी मजुरी बाईच्या बँक खात्यात जमा व्हावी. मग महामंडळाला टनामागे मिळणारे पैसे कोणासाठी खर्च करायचे, हे शोधायला पथक पाठवावे लागणार नाही.

अलीकडे ऊसतोडणी यंत्रांना सरकार अनुदान देते. यंत्रे येणारच, त्यांना आमचा विरोध असून चालणार नाही. पण त्या यंत्राला चेसिस नंबर आहे, विमा आहे, ते किती तास चालले याची नोंद आहे. उद्या यंत्रामुळे काम गेलेल्यांना काही द्यायचे सरकारने मनावर घेतले, तर आईने 27 वर्षांत काही हजार टन ऊस तोडला हे ती कशावरून दाखवणार?

आईला कोणाकडून फुकट काही नको आहे. रेशनच्या रांगेतसुद्धा ती अवघडल्यासारखी उभी राहते. माझे केलेले तेवढे माझ्या नावावर लिहा, एवढेच तिचे म्हणणे आहे.

माझा हात रोज नमुन्यांवरच चालतो, म्हणून जुन्या पावतीवरून नव्या पावतीचा एक नमुना मी तयार केला आहे. ‘निव्वळ वजन’ या रकान्याच्या खाली ‘तोडणी कामगार (स्त्री)’ आणि ‘तोडणी कामगार (पुरुष)’ असे दोन रकाने वाढवले आहेत. कागदाचा आकार तोच राहतो, छपाईचा खर्च वाढत नाही. नमुना भरून दाखवायचा म्हणून पहिल्या रकान्यात आईचे नाव टाकले आहे. तो या पत्रासोबत मंत्रालयाच्या पत्त्यावर टपालाने पाठवत आहे. यंदाच्या दसऱ्यापूर्वी त्यावर निर्णय झाला, तर आमच्या गावातून जाणाऱ्या टोळ्यांना मी ट्रक निघण्याआधी तो समजावून सांगेन.

कळावे,

आपली नम्र,
एका ऊसतोड कामगार बाईची मुलगी
तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड