वायरचा फोन टाकून देऊ नकोस

प्रिय मित्रा,

परवा तू बाबांच्या ऑपरेशनबद्दल सांगत होतास आणि "डॉक्टर म्हणाले की" एवढ्यावरच फोन तुटला. मी रागानं ठेवला असं वाटलं असेल तर तसं नाही रे. एक बीप वाजली आणि मिनिटभरात हँडसेट गप्प झाला. त्या अर्ध्या वाक्यानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

या कॉर्डलेसनं, म्हणजे घरातल्या बिनवायरच्या फोननं, गेली दोन वर्षं जीव नकोसा केलाय. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू झाला की कानात नुसती खरखर. आमचा फोन 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा, मायक्रोवेव्हही जवळपास त्याच लहरींवर आणि वायफायही तिथंच. फोनचा बेस (हँडसेट ज्यावर ठेवतो आणि ज्याला लाइन जोडलेली असते तो भाग) वायफायच्या राउटरपासून लांब, उंच कपाटावर ठेवला तेव्हा आवाज बराच सुधारला. डेक्ट पद्धतीच्या कॉर्डलेस फोनला लहरींचा वेगळा पट्टा असतो, युरोपात 1880 ते 1900 मेगाहर्ट्झ, त्यामुळे ही टक्कर टळते. नवा घेशील तर तसलाच घे.

बॅटरीचं दुखणं वेगळंच. आत 1.2 व्होल्टचे दोन रिचार्जेबल सेल. ते जुने झाले की पडद्यावर बॅटरी भरलेली दिसते आणि पाच मिनिटं बोललं की संपते. कधी हँडसेट बेसवर जरा तिरका बसतो, कधी चार्जिंगच्या पट्ट्यांवर मळ धरतो. रात्रभर ठेवलाय म्हणून आपण निर्धास्त आणि सकाळी फोन मेलेला. पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसत जा. सेल बदलताना मात्र साधे घालू नकोस. ते चार्ज करायचे नसतात, फुटून गळू शकतात.

हे सगळं मी सोसलं असतं. पण गेल्या महिन्यात रात्री लाइट गेलेली असताना आईला अचानक धाप लागली. कॉर्डलेस उचलला तर काहीच नाही. हँडसेटमध्ये चार्ज होता, पण बेसलाच वीज नव्हती आणि बेसशिवाय हँडसेट म्हणजे नुसता डबा. मोबाइलही संध्याकाळीच संपलेला. आई श्वासासाठी धडपडत होती आणि माझ्या हातात दोन-दोन फोन असून एकही चालेना. शेवटी माळ्यावरचा जुना वायरचा फोन काढून भिंतीतल्या सॉकेटात लावला. डायल टोन ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या फोनला घरातली वीज लागतच नाही. तांब्याच्या तारेतून टेलिफोन एक्स्चेंजकडूनच साधारण 48 व्होल्ट येतात आणि तिथं बॅटऱ्यांची सोय असते. डॉक्टरांना फोन लागला. आई आता बरी आहे.

तेव्हापासून तुझे बाबा डोळ्यांसमोर येतात. ते एकटे राहतात आणि उशाशी फक्त कॉर्डलेस. ते घरी यायच्या आत तिथं वायरचा फोन लाव, कॉर्डलेस राहू दे बाजूला. फक्त लाइन कशी आलीये ते आधी विचारून घे. फायबरची असेल तर घरातल्या मोडेमलाच वीज लागते, आणि मग वायरचा फोनही लाइटबरोबर जातो. तसं असेल तर मोडेमला बॅटरी बॅकअप हवाच. मेन स्विच बंद करून एकदा स्वतः फोन लावून बघ, कुणाच्या सांगण्यावर राहू नकोस.

मी नवे सेल घातलेत, आणि जुना फोनही आता कायमचा जोडून ठेवलाय. रात्री कितीही उशिरा फोन कर. डॉक्टर काय म्हणाले, ते पूर्ण ऐकायचंय मला.

तुझाच,
जुना सोबती