नजरेवर चालणारा पडदा आणि तिरळा डोळा

महोदय,

गेल्या महिन्यात जळगावला नातवासोबत एका दुकानात डोळ्यांवर चढवायचा व्हीआर (आभासी जग दाखवणारा) संच लावून पाहिला. नजर जुळवण्यासाठी त्यात एक ठिपका फिरतो व त्याचा डोळ्यांनी पाठलाग करायचा असतो. नातवाचे काम चटकन झाले; माझा डावा डोळा मात्र लहानपणापासून तिरळा असल्याने यंत्राला माझी नजर सापडेना, आणि मी जिथे पाहावे नेमके तिथलेच चित्र धूसर होई.

यामागचे तत्त्व खरोखर सुंदर आहे. हात लांब धरल्यावर अंगठ्याच्या नखाने जेवढी जागा झाकली जाते, साधारण तेवढाच, म्हणजे सुमारे २ अंशांचा भाग आपला डोळा बारकाईने पाहतो. म्हणून आतले छोटे कॅमेरे इन्फ्रारेड उजेडात बाहुलीचा माग घेतात आणि यंत्र नजरेसमोरचा भाग तेवढा पूर्ण बारकाव्यांनिशी रेखाटून बाकीच्या चित्रावरचे काम कमी करते, त्यामुळे चिपवरील भार हलका होतो.

परंतु तिरळेपणा असलेल्यांसाठी एकाच डोळ्यावर नजर जुळवण्याची, अथवा ही सोय पूर्ण बंद करण्याची व्यवस्था प्रत्येक संचात, मराठी सूचनांसह, असायलाच हवी. शिवाय मूल कशाकडे किती वेळ पाहते याची नोंद उपकरणाबाहेर जाता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ती विक्रेत्यांनी खरेदीच्या वेळीच ग्राहकांना समजावून सांगावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर