दोष प्रतिकारशक्तीचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला इम्युनोथेरपीवरचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीकडूनच कॅन्सरच्या गाठीवर हल्ला करवणाऱ्या उपचारांवरचा लेख वाचला. माहिती चांगली होती, पण औषध लागू पडत नाही ते रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असल्यामुळे, हे त्यातले विधान खटकले. घरोघरी हेच बोलले जाते आणि मग गुळवेलाचा काढा, कसल्याकसल्या पावडरी सुरू होतात. प्रत्यक्षात अनेकदा प्रतिकारशक्ती ठीकठाक असते. गाठीकडून तिला वर्दीच जात नाही.

वर्दी दाबण्याचा एक मार्ग म्हणजे आरएनए एडिटिंग, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या आरएनए या प्रतीतली अक्षरे बदलणे. आपल्या जनुकसंचाचा सुमारे दहावा हिस्सा ‘अलू’ नावाच्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा आहे. उलटसुलट दिशेचे असे दोन तुकडे आरएनएमध्ये जवळ आले की एकमेकांना चिकटतात. हा दुपदरी आरएनए विषाणूच्या आरएनएसारखा दिसतो. तो दिसला की पेशीतले एमडीए-५ हे प्रथिन बोंब ठोकते आणि इंटरफेरॉन, म्हणजे प्रतिकारशक्तीला वर्दी देणारे प्रथिन, तयार होऊ लागते. निरोगी पेशीत अशी खोटी बोंब होऊ नये म्हणून एडार-१ हे विकर त्यातल्या काही ‘ए’ अक्षरांचे इनोसिन करून टाकते. जोडी सैल पडते, एमडीए-५ गप्प राहते. कॅन्सरची पेशी नेमका याचाच फायदा उठवते.

२०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात उंदरांच्या गाठींतून एडार-१ काढून टाकले, तेव्हा पीडी-१ (प्रतिकारपेशींवरचा ब्रेक) रोखणाऱ्या इम्युनोथेरपीच्या औषधाला दाद न देणाऱ्या गाठीही दाद देऊ लागल्या. उंदीर तेच, त्यांची प्रतिकारशक्तीही तीच. बदलली होती ती गाठ.

म्हणून उद्या एडार-१ रोखणारी गोळी बाजारात येईल असे मात्र नाही. या जनुकात जन्मजात दोष असलेल्या काही बाळांना एकार्डी-गुटिएर सिंड्रोम होतो: संसर्ग नसतानाही इंटरफेरॉन वाढलेले राहते आणि मेंदूला इजा होते. हे विकर सरसकट बंद पाडणे किती जोखमीचे, ते यावरून कळावे.

राहिला काढा. पीडी-१ रोखणारी औषधे मुळातच कधीकधी यकृताला सूज आणतात. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते (आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हते, तो वाद वेगळा). उपचार चालू असताना असे काही घेण्याआधी आपल्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, एवढी चौकट लेखाशेजारी हवी होती. जागा होती, तिथे इम्युनिटी वाढवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात होती.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा