पंप घेण्याआधी

विश्रामबाग, सांगली

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. माशांची चार फुटी टाकी घरात आली, खाली कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवायची दुसरी टाकी, बसवायचा ठरला, वहिनीही तयार झाल्या, हे वाचून फार बरं वाटलं. शेवटी तू विचारलंयस, "दुकानदार ताशी पाच हजार लिटरचा पंप घ्या म्हणतो, घेऊ का?" लेका, थांब. पंप सगळ्यात शेवटी घ्यायचा. पाणी कुठून चढणार, कुठून उतरणार आणि लाइट गेल्यावर कुठे जाऊन थांबणार, हे आधी कागदावर काढ. तेवढं झालं की कुठला पंप हवा ते तुला दुकानदाराला विचारावंच लागणार नाही.

खोक्यावर जो लिटरचा आकडा छापतात तो शून्य उंचीचा असतो, म्हणजे पंपाला पाणी वर चढवायचंच नाही असं धरून. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'एच मॅक्स' असतं. त्या उंचीला पाणी पोचतं, पण बाहेर थेंबही पडत नाही. आपला पंप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालणार. आपल्या भागात हे खरं तर कुणाला शिकवायला नको. शेतकरी मोटर घ्यायला गेला की पहिला प्रश्न हेडचाच, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं याचाच असतो. औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथले पंप देशभर गेले. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलावं लागतं, तेही या उंचीमुळेच. मग घरातल्या टाकीसाठी आपण नुसत्या लिटरवर का भुलायचं?

तुझी मापं घेऊन बघू. चार बाय दीड बाय दीड म्हणजे नऊ घनफूट, साधारण २५५ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर २२० च्या आसपास पाणी राहील. सम्पमधून ते तासाला चार-पाच वेळा फिरलं की पुष्कळ झालं, म्हणजे वर पोचलेलं पाणी ताशी हजार-अकराशे लिटर. तुला एंजल मासे ठेवायचे आहेत. त्यांचे लांब पंख जोराच्या प्रवाहात टिकत नाहीत, मासा दिवसभर कोपरा धरून बसतो. झाडं लावणार असशील तर फार खळबळीने पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही उडून जातो. पाच हजार लिटरचा पंप तुझ्या टाकीला नकोच.

आता उंची. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत टेप लाव. तुझ्या स्टँडवर ती चार फुटांच्या आत येईल. एल्बो (पाइपची वळणं) आणि व्हॉल्व्हच्या घर्षणासाठी आणखी एक फूट धर. झाले पाच, म्हणजे दीड मीटर. ज्या पंपाची एच मॅक्स दोनच मीटर आहे तो इथे दमतो, खोक्यावर कितीही लिटर लिहिलेले असोत. अडीच ते तीन मीटरचा, ताशी अडीच हजार लिटरचा पंप घेतलास तर वर हवं तेवढं पाणी पोचेल आणि थोडं हातात उरेल. कंपनी पंपाच्या कागदावर उंची आणि प्रवाहाचा आलेख देते. त्यात दीड मीटरसमोर काय आकडा आहे तो बघ. ज्या पंपाचा आलेखच मिळत नाही तो मी घेणार नाही.

पाइपच्या बाबतीत लोक हटकून कंजूषपणा करतात. पंपाचं तोंड अर्ध्या-पाऊण इंचाचं, म्हणून पाइपही तेवढाच लावतात. तसं करू नकोस. पंपाच्या तोंडापाशीच रिड्युसर (लहान-मोठं माप जोडणारा तुकडा) लावून एक इंची पाइप कर. तेवढंच पाणी दुप्पट व्यासाच्या पाइपातून नेलं तर घर्षण जवळजवळ तीसपट कमी होतं. नव्वद अंशाच्या एका एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन लावता आले तर लाव. पंप आणि पाइपच्या मध्ये वीतभर सिलिकॉनची नळी ठेव, म्हणजे पंपाची घरघर पाइपात आणि तिथून कपाटात उतरत नाही. प्रवाह कमी करायचा तर बॉल व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, वर जाणाऱ्या पाइपावर बसव. पंप पाणी ओढतो ती बाजू कधीही आवळू नकोस.

खाली उतरणाऱ्या पाण्याला पंप नाही. कासचं पाणी तुमच्या साताऱ्यात उताराने येतं तसंच हे. म्हणून तो पाइप दीड इंची ठेव आणि शेजारी थोडा उंच असा दुसरा मोकळा पाइप ठेव. पहिल्यात झाडाचं पान किंवा गोगलगाय अडकली की दुसरा घर वाचवतो.

आता लाइट जाण्याचं. इथे मी तुला हात जोडून सांगतो, घाई करू नकोस. पंप थांबला की वर जाणारा पाइप उलटा चालू होतो आणि टाकीतलं पाणी सायफनने सम्पमध्ये यायला लागतं. पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत ते थांबत नाही. तुझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे चौदा लिटर. तोंड सहा इंच खाली सोडलंस तर ८४ लिटर परत येणार, आणि सम्प ते कुठे ठेवणार? म्हणून तोंड पाण्याखाली इंचभरच ठेव. पातळीच्या जरा खाली पाइपाला चार-पाच मिलिमीटरचं छिद्र पाड, त्यातून हवा शिरली की सायफन तुटतो. ते छिद्र शेवाळाने बुजतं, काच पुसताना काडी घालून मोकळं करत जा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नकोस. त्याच्या झडपेत बुळबुळीत थर किंवा क्षार बसला की ती अर्धवट उघडी राहते, आणि हे कळतं ते फरशीवर पाणी आल्यावर.

उलटही होऊ शकतं. उतरणारे दोन्ही पाइप तुंबले तर पंप सम्पमधल्या आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकेल. तेवढं पाणी टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत मावलं पाहिजे. म्हणून पंपाचा कप्पा लहान ठेव, दहा-बारा लिटरचा. वाफेने पाणी कमी झालं की तेही याच कप्प्यात दिसतं. काचेवर खूण कर आणि उन्हाळ्यात रोज भर घाल. पंप कोरडा चालला की आतला रोटर तापून जातो.

सामानाचं थोडक्यात. हार्डवेअरच्या दुकानात शेतीचा राखाडी पीव्हीसी, पांढरा यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी असे तीन प्रकार मिळतील. तिघांची बाहेरची मापं वेगळी, फिटिंग एकमेकांत बसत नाहीत. एकच प्रकार धर, मी यूपीव्हीसी घेईन. पितळी फिटिंग नको, त्यातलं तांबं कोळंबीला मारतं. पंपाच्या वर युनियन (खोलता येणारा जोड) हवाच, नाहीतर साफसफाईला पाइप कापावा लागेल. आधी सगळं कोरडं जोडून पेन्सिलीने खुणा कर, मग पाइप चिकटवायचं सोल्युशन लाव, दिवसभर सुकू दे, धुऊन घे. बोअरचं पाणी वापरलंस तर इम्पेलरवर, म्हणजे पंपाच्या आतल्या पंख्यावर, पांढरा थर चढेल. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवला की सुटतो.

डीसी पंप महाग पडतो, पण वेग कमी-जास्त करता येतो आणि वीज कमी खातो. चाळीस वॅटचा साधा पंप महिन्याला २९ युनिट घेतो आणि ती जवळपास सगळी ऊब पाण्यात सोडतो. सांगलीच्या मे महिन्यात मला तेच नको असतं. साताऱ्यात तुला तितका त्रास होणार नाही, तरी वॅट बघूनच घे. सॉकेटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइट तोडणारा स्विच) बसव, वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेव आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढ. हे मुलांनाही सांगून ठेव.

मासे सोडण्याआधी साध्या पाण्यावर आठवडाभर चालव. रोज मुद्दाम स्विच बंद करून सम्पमध्ये पाणी कुठवर चढतं ते बघ. सम्पच्या कप्प्यांची मापं आणि टाकीला छिद्र कुठे पाडलंय ते कळव, मी फिटिंगची यादी करून इथूनच घेऊन येतो. पुढच्या महिन्यात यायचंच आहे, पाइप आपण दोघं मिळून जोडू. तोवर त्या पाच हजारवाल्याला नाही म्हण.

काका-काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सांगलीचा मित्र