मधला शब्द

सांगली

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. आश्रमात मोबाइल जमा करून घेतात हे एका परीनं बरंच झालं, तुझं अक्षर तरी बघायला मिळालं. पहाटे चारला उठणं, गंगेचं गारठणक पाणी, जेवताना मौन, आपलं ताट आपण घासायचं. बाबा वाचून हसत सुटले. घरी कधी कपबशी विसळली नाहीस! ऋषिकेशला आणखी वर्षभर राहा, आमची ना नाही. मी अडले ती एका वाक्यापाशी : ‘गुरुजींना काही विचारावंसंच वाटत नाही.’

माझ्या कमरेचं दुखणं तुला माहीत आहे, त्याचं कारण माहीत नाही. तू दोन वर्षांची असताना मी एका योगवर्गाला जायचे. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकताना, शिकवणारे पाठीवर भार देऊन दाबत. कळ आली तरी मी गप्प. गुरूपुढे तोंड उघडायचं नसतं, ही माझीच समजूत. पुढे तीन महिने पट्टा बांधून काढले.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगाश्रमात गेले, तेव्हा तो काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांबद्दल कळलं. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, अमळनेरला शिकवायचे. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे ते योग शिकले. बस्ती म्हणजे खालून पाणी आत घेऊन मोठं आतडं धुणं. ती करताना नौली केली, म्हणजे पोटाचे मधले स्नायू आवळून पुढे काढले, की पाणी आपोआप आत ओढलं जातं. गुरूंनी शिकवलं, यांनी केलं, आणि मग विचारलं, हे होतं कशानं? थेट क्ष-किरण यंत्रापुढे माणूस उभा केला, आतला दाब मोजला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी वर चढतं. १९२४ साली आश्रम काढला, आणि असे प्रयोग छापायला ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही त्याच वर्षी. आतड्यातल्या त्या निर्वात स्थितीला नाव कुणाचं दिलं असेल? माधवदासांचं! गुरू तोवर हयात नव्हते. प्रश्न शिष्याचा, उत्तरही त्यानंच शोधलेलं, आणि नाव गुरूचं. मला तर तिथं उभ्या उभ्या भरून आलं होतं. (बाबा म्हणाले, बस्तीच्या गोष्टीनं रडणारी तू पहिलीच.)

गीतेचा चौथा अध्याय तुला पाठ होता ना? ‘तद्विद्धि प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया’. नमस्कार तू करतेस, सेवाही करतेस, ताटं घासतेस त्यावरून दिसतंच आहे. मधला शब्द तेवढा गाळलास.

शीर्षासन सुरू केलंय म्हणतेस. मागच्या वर्षी मानेचा एक्स-रे काढला, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते गुरुजींना सांगितलंस का? नसेल तर हे पत्र मिळेल त्याच दिवशी सांग. आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं की रागावले, ते मला जसंच्या तसं लिही.

लोकरीचे मोजे आणि मेतकूट वेगळं पाठवलंय. मेतकुटात हिंग आहे, तिथं चालतं का तेही विचारून घे.

तुझी,
आई