खोडरबर मी कपाटात ठेवलंय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्या पानावर पेढे भरवतानाचे फोटो येतात आणि खाली कुणाची तरी आई सांगते, 'तो लहानपणापासूनच हुशार.' या 'हुशार' शब्दाबद्दल माझी तक्रार आहे.

माझा नातू पाचवीत आहे. घरात सगळे त्याला हुशार म्हणतात, मीही म्हणायचे. दिवाळीनंतर मोठे भागाकार सुरू झाले आणि पाहते तर काय, आकडा चुकला की हा खोडतो, परत लिहितो, परत खोडतो. शेवटी कागदाला भोक पडलं की वही मिटून म्हणतो, "आजी, मला गणित येतच नाही." त्याला भागाकाराचा राग नव्हता, चूक दिसण्याची भीती होती. हुशार मुलगा चुकेल कसा? हे त्याला आम्हीच शिकवलेलं.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्याच मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सुटल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. पुढे निवड करायला सांगितल्यावर हुशार ठरलेल्यांतल्या बहुतेकांनी सोपं काम मागितलं, आणि एकदा अवघड कोड्यांवर आपटल्यावर नंतरची सोपीही त्यांना आधीइतकी जमेनात. अर्थात नुसते कौतुकाचे शब्द बदलून कुणाचं गणित सुधारत नाही. अडून बसायला वेळही द्यावा लागतो.

त्या अडण्यातच मेंदूचं काम होतं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट या मेंदूच्या अभ्यासकांनी अशा ७९ उमेदवारांच्या मेंदूची चित्रं शिकण्याआधी काढली आणि त्यांतल्या ५९ जणांची नंतरही. पास झाले ३९. वाटा लक्षात ठेवायला लागणारा हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग आहे, त्याची मागची बाजू या पास झालेल्यांतच वाढलेली दिसली. हे २०११ साली छापून आलं. ही मंडळी चांगली मोठी माणसं होती, पाचवीतली पोरं नव्हेत.

आपल्याला हे बडोद्यात कुणी सांगायला हवं का? १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावाहून बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव गायकवाड, इथल्या गादीसाठी दत्तक म्हणून आला तेव्हा त्याला अक्षरओळखही जेमतेम होती. त्या वयात तो मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा शिकायला बसला. १८८१ च्या डिसेंबरात त्याच्या हाती राज्यकारभार आला आणि १८९३ मध्ये याच सयाजीरावांनी अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. बाराव्या वर्षी त्यांची वही कशी दिसत असेल, हा प्रश्न मला हल्ली फार पडतो.

तालमीत बघा. एरंडेल लावलेल्या मल्लखांबावरून पोरगं घसरलं तर उस्ताद 'तुझ्यात मल्लखांबच नाही' म्हणत नाहीत, परत चढायला लावतात. आणि शिकवणीत? नातवाच्या क्लासमध्ये (नाव लिहीत नाही) गणिताच्या पायऱ्या फळ्यावरून उतरवून घेतात, म्हणून वही कशी मोत्यासारखी. शाळेतही 'स्वच्छ वही' म्हणून शाबासकी मिळते. शिक्षकांना माझी विनंती आहे, चुकलेल्या आकड्यावर मुलांना एक आडवी रेघ मारू द्या. खालची चूक वाचता यायला हवी, नाहीतर पोरगं कुठं घसरलं ते त्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही.

मी तर खोडरबर कपाटात ठेवून दिलंय. पहिले चार दिवस रुसवाफुगवी झाली. परवा एका भागाकाराला त्याला पाऊण तास लागला. पानावर पाच रेघा, उत्तर तरीही चुकलेलंच. मी काही बोलायच्या आत स्वारी म्हणाली, "आजी, थांब, सांगू नकोस." मी पोळ्या लाटायला उठले.

आणि संपादक महाशय, पुढच्या निकालाला त्या पेढेवाल्या मुलांना एवढं विचाराल का, की कुठल्या धड्यानं तुला सगळ्यात जास्त रडवलं?

आपली,
एक आजी
दांडिया बाजार, बडोदे